राहिलेल्यांचे कपडे

ज्यांचे कपडे गेले होते, त्यांच्यापैकी एकही माणूस भांडायला आला नाही. आले ते, ज्यांचे कपडे जागच्या जागी होते. धुतलेले, कडक इस्त्रीचे, घडीला चिठ्ठी टाचलेले कपडे हातात घेऊन माणसं लॉन्ड्रीच्या दारात तोंडाला येईल ते बोलत होती. आणि ज्यांचे कोट, शर्ट, पडदे कुणा वाटसरूच्या हाती लागले होते, ते आज सकाळी चर्चमध्ये उपासनेला मान जरा ताठच करून बसले होते. नुकसानभरपाईचं नाव कुणी काढलं नाही. उलट एकाने लॉन्ड्री चालवणाऱ्या दादाचा हात हातात घेऊन, "बाबांना माझा नमस्कार सांगा," असं दोनदा सांगितलं.

तपासनीस दुपारच्या बसने उतरली, तेव्हा वहिनीने स्टँडवरच तिला हे सगळं सांगून टाकलं. मग तिची पिशवी हातात घेत म्हणाली, "तुमचा लोकरीचा कोटही गेला, ताई. ड्रायक्लीनला टाकला होता ना, तो."

"जाऊ दे," तपासनीस म्हणाली. कोट जाऊ देण्यातला नव्हता.

तपासनीस हे नाव बाबांनी ठेवलेलं. सहा वर्षांची असताना तिने विचारलं होतं, प्रभू ढगांवरून येणार तर आपलं घर त्याला सापडणार कसं, वरून सगळी छपरं सारखीच दिसतात. बाबा पोट धरून हसले आणि नाव चिकटलं. पुढे ती खरोखरच एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायला लागली, तेव्हा ते नाव पक्कं झालं. बाबांचं हसू मात्र तोवर सरलं होतं.

गुरुवारी झालं ते असं. तीनच्या सुमाराला मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई जिन्यावरून घसरली. आरडाओरडा ऐकून दादा चहा तसाच टाकून धावला. वहिनी इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली, ॲप्रनची गाठ सोडत बसायला वेळ नव्हता म्हणून तो डोक्यावरून ओढून तिथेच जमिनीवर टाकला आणि तीही धावली. रस्त्यावरचं झाडून सगळं माणूस मागच्या गल्लीत जमलं. बाईला गाडीत घालून इस्पितळात नेलं ते या दोघांनीच. बाबा आतल्या खोलीत झोपलेत, हे त्यांना तिथे पोचल्यावर आठवलं. पण बाबा चारशिवाय उठत नाहीत, तोवर आपण परत पोचू, असा त्यांचा हिशेब होता.

बाबा सव्वातीनला उठले आणि दुकानात आले. इस्त्री तापलेली होती. मशीन फिरत होतं. दोन कपांत चहा अर्धा राहिला होता, त्यातून अजून वाफ येत होती. दादाचा चष्मा टेबलावर. आणि टेबलाच्या पायाशी वहिनीचा ॲप्रन, गाठ जशीच्या तशी, आतलं माणूस कुणी अलगद उचलून नेल्यासारखा पडलेला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं.

दुसऱ्या कुणी हाका मारल्या असत्या, शेजारचं दार ठोठावलं असतं. पण बाबा म्हणजे गेली पन्नास वर्षं सकाळी इस्त्रीचं बटण दाबताना "आज आलास तरी चालेल" असं प्रभूला मोठ्याने म्हणणारा माणूस. त्यांना शंका अशी आलीच नाही. प्रभू येऊन गेला होता. आपल्या माणसांना घेऊन गेला होता आणि बाबा मागे राहिले होते.

मग त्यांनी गिऱ्हाइकांची फोनवही काढली आणि पहिल्या पानापासून फोन लावायला घेतले. जो उचलेल तो राहिला. जो उचलणार नाही तो गेला. फोन उशाखाली दडपून दुपारची झोप काढणारे बरेच जण अशा रीतीने स्वर्गात पोचले. उचलणाऱ्यांशी बाबा फारसं बोलले नाहीत. पाळकसाहेबांनी तर पहिल्याच घंटीला उचलला. "बोला बाबा," ते म्हणाले. मग बाबा म्हणाले, "अरेरे. तुम्हीसुद्धा?" आणि फोन ठेवला.

गेलेल्यांचे कपडे त्यांनी दाराजवळच्या दांडीवर लावले. चारनंतर रस्त्यावर माणसं दिसू लागली. ती राहिलेलीच असणार, त्यात बाबांना नवल वाटलं नाही. जो जाईल त्याला बोलावून, अंगाचा अंदाज घेऊन, त्यांनी कपडे देऊन टाकले. मालकांना आता ते लागणार नव्हते. राहिलेल्यांचे कपडे त्यांनी भिंतीकडच्या दांडीवर लावले आणि इस्त्री करायला घेतले.

सहाला दादा आणि वहिनी धावतपळत परतले तेव्हा बाबा पाळकसाहेबांच्या उपासनेच्या झग्यावरून इस्त्री फिरवत होते. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला परत पाठवलं?"

यावर आज दुकानाच्या मागच्या खोलीत कुटुंबाची बैठक बसली होती. दादा, वहिनी, शेजारच्या घरात राहणारी आत्या आणि न बोलावता आलेले पाळकसाहेब. बाबा पुढे दुकानात होते. दुकान रविवारचं बंद, पण ते जाऊन बसले होते.

"मी आडपडदा ठेवत नाही," दादा म्हणाला. "बाबा आता दुकानात नकोत. इस्त्री मी कपाटात कुलपात ठेवलीय. पण इथे राहिले तर पाय तिकडेच वळणार. तू त्यांना घेऊन जा. उद्या सकाळच्या बसने."

"माझ्याकडे ते करतील काय?"

"बसतील."

"बाबा?" वहिनी म्हणाली. "बसतील?"

"तू मध्ये बोलू नकोस. तुझ्या ॲप्रननेच घोळ केलाय."

"मग काय गाठ सोडत बसायचं होतं? तिकडे ती बाई मरत होती."

"मेली नाही. पाय मोडला."

"ते मला आधी कसं कळणार?"

तपासनिसाच्या डोळ्यांसमोर तिचं घर होतं. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दिवसभर ती कामावर, खाली उतरायला लिफ्ट नाही. ही कारणं खरी होती आणि ती सांगताही आली असती. सांगता न येणारं कारण वेगळं होतं. वीस वर्षांपूर्वी जेवताना ती बाबांना म्हणाली होती, "तो येणार नाही, बाबा. दोन हजार वर्षं झाली. आता येणार नाही." बाबांनी ताट बाजूला सारलं. भांडले नाहीत, रागावले नाहीत. फक्त रोजच्या घरच्या प्रार्थनेत सगळ्यांची नावं यायची, त्यातून तिचं यायचं थांबलं. आई होती तोवर ते नाव आई घ्यायची. आई गेल्यावर कुणीच घेत नव्हतं. विश्वास हरवलेल्या मुलीच्या घरी बाबा राहणार कसे आणि दिवसभर त्यांच्यासमोर वावरायचं कसं, हे तिला सुचत नव्हतं.

"अण्णाला त्याच्या टेबलापासून तोडशील तर तो महिना काढणार नाही," आत्या दादाला म्हणाली. बाबा तिचा थोरला भाऊ, आणि भावाची बाजू घेणं हा तिचा जन्माचा धंदा. "एवढं काय आभाळ कोसळलं? चार कपडे गेले. माणूस म्हातारा झाला की चुकतो. मलाही गुरुवारी फोन आला होता त्याचा. मी दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात हा एवढा कापूस. कसंबसं म्हटलं, बोल अण्णा. तर म्हणाला, 'तू पण? बरं, दात नीट करून घे, लागतील तिथे.' आणि ठेवला. मला वाटलं, किती काळजी करतो."

मागे राहिलेल्यांचं रडणं आणि दात खाणं शास्त्रात लिहिलेलं होतं; पाळकसाहेबांना खोकला आला. वहिनी उठून खिडकीकडे गेली.

"काय झालं?" आत्या म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "माझा फुलांचा झगा होता ना इथे? कुठल्या दांडीवर होता तो?"

"छान इस्त्री केलाय, आत्या," वहिनी खिडकीतूनच म्हणाली.

"कुठल्या दांडीवर?"

"भिंतीकडच्या."

"साठ वर्षं!" आत्या ओरडली. "साठ वर्षं मी एक उपासना चुकवली नाही!"

"फोन तेवढा चुकवायला हवा होता," दादा म्हणाला.

"घेऊन जा गं याला तुझ्याकडे," आत्या तपासनिसाकडे वळून म्हणाली. "माणूस कामातून गेलाय. आणि तो समोरचा कुलूपवाला, दिवसाढवळ्या पिऊन पडतो मेला, तो वर? का तर फोन उचलायची शुद्ध नव्हती म्हणून!"

एवढं बोलून ती पदरी पडलेला अपमान घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आता दादाच्या बाजूला दोन मतं झाली होती. दादाला त्याचा आनंद झालेला दिसला नाही. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीला ते ठाऊक होतं.

"तुम्हाला वाटतं मला लोकांची लाज वाटते," तो म्हणाला. "वाटतेच. पण ते नाही. इस्त्री तापत होती तीन तास. दुकान पेटलं असतं, बाबांसकट. आणि मी दारातून आत आलो ना, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. परत पाठवलं का, विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला पुन्हा बघायचं नाहीये. माझ्याच्याने होणार नाही."

मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला.

"मी खरं तर भांडायलाच आलो होतो," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मंडळीतली माणसं मला विचारतायत, बाबांची यादी बघायला मिळेल का. गेले तीन दिवस लोक माझ्याकडे बघून हसतायत. पण शुक्रवारी झगा घरी आला. त्याची कॉलरजवळची शिवण वर्षभर उसवलेली होती. माझ्या बायकोला सांगून मी थकलो. ती शिवलेली होती." त्यांनी मानेला हात लावून दाखवला. "तो येईल, तयार राहा, हे मी दर रविवारी सांगतो. मागे राहिलात तर काय करायचं, हे कधी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नाही. मी तर रडत बसलो असतो. बाबांनी सुई-दोरा काढला. आता अशा माणसाशी भांडायचं कसं?"

"तुमचं बरं आहे," आत्या भिंतीला म्हणाली. "तुम्हाला पगार आहे."

तपासनीस बराच वेळ दुसराच विचार करत होती. "ती फोनवही कुठेय?" तिने विचारलं.

वहिनीने ती फडताळातून काढून दिली. जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली वही. बाबांनी प्रत्येक नंबरापुढे पेन्सिलीने नोंद केली होती. आहे. आहे. गेले. आहे. गेली. अक्षर पहिल्या पानावर थरथरलेलं, पुढे पुढे स्थिर होत गेलेलं. प्रयोगशाळेतली नोंदवही तपासावी तशी ती पानं उलटत गेली. पाळकसाहेब, आहे. त्याच्यापुढे पेन्सिल जरा जास्तच दाबली होती. आत्या, आहे. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला घरच्या माणसांचे नंबर होते. तिथे तिचा नंबर होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, गेली.

तिने आपला मोबाइल काढून गुरुवारचे कॉल पाहिले. गरज नव्हती. गुरुवारी तिला सुट्टी होती, दुपारभर ती घरातच होती आणि फोन हातात होता. एक कॉल दुधाच्या दुकानातून, एक चुकीचा नंबर. बाबांचा नाही. तिने वहीकडे परत पाहिलं. घरात दिसत नसलेल्या दादा-वहिनीलाही बाबांनी फोन लावून बघितले होते; त्यांचे फोन इथेच टेबलाच्या खणात वाजले होते. पन्नासएक माणसांची चौकशी झाली होती आणि एकीची झालीच नव्हती. वही घेऊन ती पुढे दुकानात गेली.

बाबा स्टुलावर बसले होते. समोरच्या रिकाम्या टेबलावर अंथरलेलं जुनं ब्लँकेट ते तळहाताने सारखं करत होते. सुरकुती नव्हती, तरी करत होते.

"मी तुझ्याकडे यायचं म्हणे," ते म्हणाले.

"दादा म्हणतोय."

"तुझ्याकडे इस्त्री आहे?"

"छोटी आहे."

"हं." त्यांनी ब्लँकेटवरून आणखी एकदा हात फिरवला. "येईन. तो घाबरलाय. त्याचं काही चुकलं नाही."

तिने वही त्यांच्यापुढे ठेवली. शेवटचा पुठ्ठा उघडला. "मला फोन का नाही केलात?"

"कधी?"

"गुरुवारी. सगळ्यांना केलात. मला नाही. आणि पुढे लिहिलंत, गेली."

"गेलीस म्हटल्यावर फोन कशाला करायचा?"

"पण मी गेले हे कशावरून? पाळकांना विचारलंत, आत्याला विचारलंत."

"त्यांची मला खात्री नव्हती," बाबा म्हणाले.

ती स्टुलाजवळ सरकली. मग म्हणाली, "बाबा, मी म्हणाले होते तो येणार नाही."

"ऐकलंय मी. तेव्हा कान चांगले होते माझे."

"मग?"

बाबांनी पेन्सिलीची ती नोंद बोटाने चाचपली. त्यांना बोलायची सवय होती ती प्रार्थनेत आणि गिऱ्हाइकांशी, मुलीशी नव्हती. "तुझी आई चार महिने पडून होती," ते म्हणाले. "मी उशाशी बसून तिला वचनं वाचून दाखवायचो. तू शनिवारी यायचीस आणि मोरीत बसून तिच्या चादरी हाताने धुवायचीस. घरात तीन मशीनं असताना. मी विचारलं तर म्हणालीस, गिऱ्हाइकांच्या कपड्यांबरोबर नकोत, आईला लाज वाटते. पन्नास वर्षं मी लोकांचे कपडे धुतले. पण हे मला सुचलं नव्हतं. तिला लाज वाटते हे मला दिसलंसुद्धा नव्हतं." त्यांनी वही मिटली. "म्हटलं, तो आला तर हिला काही विचारत बसणार नाही. मग मी कशाला विचारू?"

"आणि तुम्ही? तुम्ही मागे कसे राहिलात? तुम्हाला एवढी कशी खात्री पटली?"

"त्यात कठीण काय आहे? वीस वर्षं तुझ्यावर डूख धरून बसलो. नाव नाही घेतलं तुझं. रोज सकाळी त्याला म्हणायचं, आज आलास तरी चालेल, आणि पोटात पोटच्या पोरीचा राग. तो काय आंधळा आहे?" बाबा खाली बघून बोलत होते. "तो ॲप्रन बघितला मी. म्हटलं, मेलो. इथेच बसलो होतो. मग तुझी आठवण झाली. म्हटलं, ती सुटली. बरं वाटलं मला. खरंच, बरं वाटलं. मग उठलो. काम पडलं होतं. जी माणसं राहिली त्यांना सकाळी घालायला कपडे लागणारच होते."

तपासनिसाला रडू आलं. ती सहसा रडत नसे, आईच्या वेळीही मातीहून परत आल्यावर मोरीत जाऊन रडली होती. आज तिने तोंड फिरवलं नाही. बाबांनी खिशातला रुमाल काढून दिला. तो अर्थातच इस्त्रीचा होता, चार घड्यांचा, आणि तो मोडायचा तिला धीर होईना, म्हणून तिने हाताच्या पाठीनेच डोळे पुसले.

मागच्या खोलीतली मंडळी एव्हाना दारात येऊन उभी होती. आत्या सर्वांत पुढे.

"दादा," तपासनीस म्हणाली, "कपाटातून इस्त्री काढ."

"आणि पुन्हा असं झालं तर?"

"होणार नाही. आजपासून या घरातून जो बाहेर पडेल त्याने बाबांना सांगून जायचं. झोपले असतील तर उठवायचं. कुणी जिन्यावरून पडो नाहीतर छपरावरून."

"मी सांगेन," वहिनी लगेच म्हणाली. "अंगात ॲप्रन घालूनच धावेन."

"एवढंच?" दादाने विचारलं. "वीस तोंडं बंद करायचीत मला, आणि उपाय एवढाच?"

"तोंडं माझ्याकडे पाठवा," पाळकसाहेब म्हणाले. "मी त्यांना सांगेन, मीही त्याच दांडीवर होतो."

दादाने आत्याकडे पाहिलं. आत्याने नाक मुरडलं, पण मान हलली ती होकाराची होती. दादा आत गेला. कुलपाचा आवाज आला. जड इस्त्री त्याने आणून टेबलावर ठेवली, जरा आपटूनच, आणि वाकून स्वतः प्लग लावला. उभा राहताना त्याने बाबांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि काढून घेतला.

"मीही रोज संध्याकाळी फोन करीन," तपासनीस म्हणाली. "तुम्ही उचलायचा."

बाबांनी इस्त्रीच्या तळाजवळ तळहात नेऊन ऊब येते का ते पाहिलं. ते कसल्या तरी विचारात होते.

"नियम चांगला आहे," ते म्हणाले. "पण तो खरंच आला तर? डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं होणार. मला सांगून जायला तुला वेळ कुठला मिळायचा?"

दारातले सगळे तपासनिसाकडे पाहू लागले. ती ज्या गोष्टीवर विश्वास ठेवत नव्हती, तिच्याबद्दल तिला विचारलं जात होतं, आणि विचारणारा माणूस उत्तराची वाट बघत होता.

"त्याला म्हणेन, जरा थांब," ती म्हणाली. "बाबांना सांगून येते."

"थांबेल तो?"

"थांबेल," तपासनीस म्हणाली.